जालन्याच्या वाटांसाठी जुनी रॅले

प्रिय मित्रा,


कार्बनची रोडबाइक विकून त्या पैशांत पन्नासच्या दशकातली उंच काळी रॅले घ्यायचं तुझ्या मनात आहे, आणि तुझ्या सायकल ग्रुपमधल्या मंडळींना हे वेड वाटतंय. तू माझं मत विचारलंस म्हणून सरळ सांगतो: घे. मात्र जुन्याची ओढ हे त्याचं कारण असू देऊ नकोस. ती ओढ खरी असते, पण दोन पावसाळ्यांत ओसरते, आणि मग सायकल जिन्याखाली जाते. माझं कारण वेगळं आहे. आपण राहतो त्याच गावात, तिथल्याच माणसांच्या हातून जी सायकल आयुष्यभर चालती राहू शकते, ती आपल्यासाठी चांगली. जालना जिल्ह्यात ही कसोटी लावली तर जुनी सायकल नव्या रोडबाइकला मागे टाकते.

आधी सुट्या भागांचं बघू, कारण लोकांचा पहिला आक्षेप तिथेच येतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या विलायती सायकलीचं सामान मिळणार कुठे, असं ते विचारतात. इंग्लंडमध्ये हा प्रश्न खरंच अवघड ठरेल. आपल्याकडे मात्र या घडणीची सायकल बनायची कधी थांबलीच नाही. 1949 साली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सची सुरुवात झाली आणि हर्क्युलिस इथे बनू लागली. रॅलेचं भारतीय भावंड सेन-रॅले आसनसोलला उभं राहिलं, 1951 मध्ये सोनीपतला ॲटलस आली आणि 1956 मध्ये लुधियानाला हीरो. या सगळ्यांनी इंग्रजी रोडस्टरचाच आराखडा उचलला आणि दूधवाल्याला, पोस्टमनला, शेतमजुराला पुरवला. म्हणून 28 × 1½ मापाचा टायर आजही परतूर-भोकरदनच्या बाजारात मिळतो. छर्रे, कोन, कॉटर, चेन, तारा, वॉलट्यूब हे सामान तर पंक्चरवाल्याच्या पत्र्याच्या डब्यात असतंच. तुझ्या आताच्या सायकलीला बारा चकत्यांची कॅसेट लागते, हायड्रॉलिक ब्रेकचं ठरावीक तेल लागतं, गिअर बदलणाऱ्या मोटरला चार्जिंग लागतं. तिच्या ट्यूबचा बारीक वॉल गावच्या पंपात बसेलच असंही नाही. जाफराबादच्या पुढे यातलं काही बिघडलं, तर सायकल टेम्पोत घालून परत यायचं. दोन्ही सायकलींच्या वयात सत्तर वर्षांचं अंतर आहे, पण रस्त्यात अडकवणारी त्यातली नवीच आहे.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा. रॅले स्वतःचे आटे पाडायची. पायडलच्या बेअरिंगच्या वाट्या जिथे बसतात तिथे इंचाला 26 आटे आहेत, आणि बाकी बहुतेकांच्या इंग्रजी मापात ते 24 असतात. त्या वाट्या झिजल्या असतील तर बाजारातल्या वाट्या तिथे बसणार नाहीत. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याचे भागही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाहीत. पण स्टर्मी-आर्चरचा नॉटिंगहॅमचा कारखाना 2000 साली बुडाल्यावर ते काम तैवानच्या सनरेसने घेतलं आणि तो हब अजून बनतो. तो आहेही बळकट. सगळी दंतचक्रं हबच्या पोटात बंद असतात, त्यामुळे धूळ आणि चिखल त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वरच्या भोकातून अधूनमधून थोडं तेल सोडलं की झालं.

चिखलाचा मुद्दा आपल्याकडे गौण नाही. जिल्ह्यात पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो, पण काळ्या मातीला तेवढा पुरतो. अंबड किंवा घनसावंगीकडच्या एखाद्या वस्तीच्या वाटेवर जुलैत रोडबाइक घातली, तर चाक आणि चिमटा यांच्यातली बोटभर फट मातीने भरून चाक जागीच थांबतं. उन्हाळ्यात सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे असतात. पंचवीस मिलिमीटरचा दगडासारखा फुगवलेला टायर त्यांच्यापुढे टिकत नाही. रॅलेचा टायर त्याच्या दीडपट रुंद, हवा बरीच कमी, मडगार्ड ऐसपैस आणि चेन पूर्ण झाकलेली. हा आराखडा कच्च्या रस्त्यांच्या काळात, कच्च्या रस्त्यांसाठीच तयार झाला होता. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच वाटा आजही त्याच काळात आहेत.

फ्रेम पोलादाची आहे, हेही इथे महत्त्वाचं. भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्यांसाठी जालना देशात ओळखलं जातं, आणि अशा गावात लेथवाले, गॅस वेल्डिंगवाले, लोखंडाची जात ओळखणारे कारागीर आपोआप तयार होतात. पोलाद वाकलं तर सरळ करता येतं, तडकलं तर तडा डोळ्यांना दिसतो. कार्बनचा तडा आत दबून राहतो आणि त्याची दुरुस्ती करणारा माणूस शोधत मोठ्या शहरात जावं लागतं. एक मात्र सांभाळ. रॅलेच्या नळ्या सांध्याच्या खोबणीत बसवून पितळेने जोडलेल्या असतात. तिथे साधं आर्क वेल्डिंग करू देऊ नकोस, त्या उष्णतेने सांधा कमकुवत होतो. गॅसवर पितळच भरून घे.

आता वेग. या आक्षेपाला मी सर्वांत जास्त मान देतो, कारण तो खरा आहे. रॅलेचं वजन सतराअठरा किलो, तुझ्या सायकलीचं आठ. तुझे सत्तर किलो धरले तर चढावर सुमारे बारा टक्के जादा ओझं ओढायचं. सपाटीवर वजनापेक्षा बसण्याची पद्धत जास्त भोवते. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा तासाच्या विक्रमात सापडतो. 1972 साली मेक्सिकोत एडी मर्क्सने तासाभरात 49.431 किलोमीटर अंतर कापलं. 1996 मध्ये ख्रिस बोर्डमनने हात पुढे ताणून, वारा कापणाऱ्या सायकलीवर 56.375 केलं. पुढे मर्क्सच्या धाटणीचीच सायकल वापरायचा नियम आला, आणि 2000 साली त्याच बोर्डमनला 49.441 जमलं, म्हणजे मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर जास्त. जवळजवळ सात किलोमीटरचा तो फरक प्रामुख्याने वाऱ्याचा होता. रॅलेवर तू ताठ बसणार, म्हणजे वारा छातीवर घेणार. ताशी पंचवीसच्या जागी अठरा पडतील असं धर. छत्रपती संभाजीनगरच्या साठ किलोमीटरना तासभर जास्त लागेल. पण तुला शर्यत लावायची नाही. तुझ्या बऱ्याच फेऱ्या राजूरच्या गणपतीइतक्या, पंचवीसएक किलोमीटरच्या असतात, आणि तिथे एका बाजूला अर्ध्या तासाच्या आतच फरक पडतो. ज्याला ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांच्या वेळा गाठायच्या आहेत त्याला मी हा सल्ला देणार नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी तुझ्या मित्रांच्या बाजूने आहे. सळयांनी ओढले जाणारे ब्रेक आणि पोलादी रिम एकत्र आले की पावसात सायकल थांबता थांबत नाही. डिस्कब्रेकची सवय झालेला हात इथे फसेल. ब्रेकचे रबर नवे आणि चांगले घाल, पावसात वेग निम्मा ठेव, आणि ओल्या रात्री हायवेवर ती काढूच नकोस. नव्या सायकलीची ही सरशी मान्य करूनच जुनी घ्यायची.

स्वप्नच बघायचं तर जुन्या इटालियन कोलनागो किंवा बियांकीचं बघ, असंही कुणीतरी तुला सुचवलंय. त्या सायकली देखण्या आहेत, वादच नाही. इटलीत गायोले गावी 1997 पासून 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी भरते, तिथे 1987 पूर्वीच्या शर्यतीच्या सायकली घेऊन लोक टस्कनीच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर उतरतात. तिच्यामागचा एक हेतू ते रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा होता. म्हणजे तिथेही जुनी सायकल शोभते ती तिच्या वाटांवर, तिचं सामान आणि कारागीर जिथे आहेत तिथे. कोलनागो जालन्यात आणलीस तर तिचा प्रत्येक तुकडा बाहेरून मागवावा लागेल, आणि आता सोडू पाहतोयस तीच अडचण जुन्या रंगात परत येईल. रॅलेला आपल्याकडे तीन पिढ्यांचे जाणकार हात मिळाले आहेत. ते हातही कमी होत चाललेत. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला बंद पडला. चाकाचा आऊट काढणारा म्हातारा अजून दुकानात बसतोय, तोवर त्याच्या पुढ्यात ही सायकल जावी, असं मला फार वाटतं.

पैसे देण्याआधी जमलं तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून ये, म्हणजे अस्सल भाग कसे दिसतात ते नजरेत बसेल. मग ती रॅले उलटी करून पायडलच्या वाट्या तपास आणि चिमट्याच्या मुळाशी गंज आहे का बघ. रंग उडाला असला तर उडू दे, नवा मारू नकोस. हब स्टर्मी-आर्चरचा असेल तर त्यावर गिअरच्या खुणेजवळ सालाचे दोन आकडे कोरलेले असतात. विकणारा 1952 म्हणतोय, पण तिथे 68 निघालं तर चाक नंतर बदललंय, आणि त्या हिशेबाने किंमत पाड. वाट्या झिजलेल्या निघाल्या तर व्यवहार करण्याआधी मला कळव, 26 आट्यांच्या वाट्या कुठे मिळतात का ते आधी शोधू.

तुझा मित्र