सोलापूरच्या वाटा आणि सात माणसांची गाडी

सोलापूर हे वाटांचे गाव. पुणे, हैदराबाद, विजापूर, सांगली आणि तुळजापूरकडचे मोठे रस्ते येथे एकत्र येतात. भोवती पंढरीचा विठोबा, तुळजापूरची भवानी, अक्कलकोटचे स्वामी. म्हणून आपल्याकडे गाडी घ्यायची बोलणी सुरू झाली, की आधी माणसे मोजली जातात. आई-वडील, आपण दोघे, दोन मुले आणि माहेरी आलेली बहीण, झाली सात!

पूर्वी ही गरज वडापच्या जीपने भागवली. पुढे १९९४ साली टाटा सुमो आली, २००० साली बोलेरो व क्वालिस, २००५ साली इनोव्हा आणि २०१२ साली अर्टिगा. आज तीन ओळींच्या गाड्यांची तीन घराणी दिसतात. एक, बुटकी, लांब पोटाची कुटुंबगाडी, उदाहरणार्थ अर्टिगा. दुसरी, लोखंडी सांगाड्यावर बसवलेली दणकट गाडी, बोलेरो, फॉर्च्युनर. तिसरी, दिसायला जीपसारखी पण बांधणीने मोटारीसारखी. २०२१ साली आलेली अल्काझार त्यातली. इनोव्हा या सर्वांच्या मधली: अंग कुटुंबगाडीचे, पण क्रिस्टापर्यंत सांगाडा जीपचा.

आता वाटेने चला. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, रस्ता रुंद आणि सपाट. येथे कुटुंबगाडीला तोड नाही. तिचा तळ खाली असल्याने नऊवारी नेसलेली आजी कुणाचा हात न धरता आत बसते. उंच गाडीत तिला पायरी, मग दांडी, मग सुनेचा खांदा लागतो.

तुळजापूरला जाताना बालाघाटाचा चढ लागतो. अर्टिगाचे इंजिन पुढची चाके ओढते. सात माणसे आणि सामान भरले, की भार मागे जातो, पुढची चाके हलकी होतात. ओल्या चढावर ती घसरू शकतात. बोलेरोत मागची चाके ढकलतात, त्यामुळे तोच भार उपयोगी पडतो. मात्र चांगल्या डांबरी घाटात, कोरड्या दिवसांत, हा फरक फारसा जाणवत नाही.

खरी परीक्षा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. ज्वारीला सोन्यासारखी असणारी ही जमीन पावसात चाकाला लोण्यासारखी चिकटते. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या, की उंची कामाला येत नाही. ज्या गाडीची दोनच चाके ओढतात ती उंच असो वा बुटकी, रुतते. तेव्हा वस्तीपर्यंत गाडी नेण्यासाठी लाखो रुपये जादा मोजण्यापेक्षा पाणंदीवर मुरूम टाकणे स्वस्त. त्यावरून ट्रॅक्टरही जाईल आणि शेजाऱ्याची बैलगाडीही.

पंढरपूरच्या वाहनतळावर दुसरा धडा मिळतो. तिसरी ओळ उघडी ठेवली, तर अर्टिगात सामानाला २०९ लिटर जागा उरते. म्हणजे दोन-तीन पिशव्या. मोटारीच्या बांधणीच्या उंच गाडीत मागची ओळ बहुधा मुलांपुरतीच असते. आणि जिथे मागे आडवे बाक आहेत, तिथे बसणाऱ्याला पट्ट्याचा नीट आधार मिळत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील सुधारणेने चौदा वर्षांखालील मुलांनाही पट्टा किंवा मुलांचे आसन बंधनकारक केले आहे. धक्का बसला, की मांडीवरचे मूल हाताने धरून राहत नाही.

शेवटी पैशाचे. उसाचे बिल वर्षातून एकदा, डाळिंबाचे पैसे बहारानंतर, पण बँकेचा हप्ता दर महिन्याला. सांगोल्याच्या बागेवर तेल्या आला म्हणून हप्ता थांबत नाही. म्हणून वर्षातले किती दिवस खरोखर सातजण बसतात, ते वहीत लिहून काढा. दहा-बारा दिवस निघाले, तर तेवढ्यापुरती भाड्याची गाडी परवडते. अधिक निघाले, तर गाडी पाहायला घरधनी एकटा जाऊ नये. आजीला दुसऱ्या ओळीत, उंच मुलाला तिसऱ्या ओळीत बसवावे आणि मागे सामानाची पिशवी ठेवून दार लावून पाहावे. मग दुकानदाराशी भावाचे बोलावे.