मुका कपडा

पावसाळ्याच्या तोंडी परतवाड्याच्या बाजारात रेनकोटांचे ढीग लागतात. घडी केली की खिशात मावतात, हातात घेतले तर वजन म्हणून जाणवत नाही. पण एक बाही दुसऱ्या बाहीवर घासून पाहा. ती खसखस शहरात स्कूटरवर कोणाला ऐकू येत नाही; सेमाडोहच्या पुढे रानात पायी निघालात, की चितळाचा कळप तुम्हाला दिसण्याआधीच उधळलेला असतो.

आणि पावसाळ्यातच हे जास्त नडतं. उन्हाळ्यात सागाचा पाचोळा पायाखाली असा वाजतो, की कपड्याच्या आवाजाचं कोणाला काय! मृगाच्या दोन दमदार सरी पडल्या की तोच पाचोळा भिजून मऊ होतो, पावलाचा आवाज मरतो. मग वाजतो तो फक्त अंगावरचा कपडा.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. घोंगडं होतं, नाहीतर बारदान्याचं पोतं. पोत्याचा खालचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झाली खोळ. ती डोक्यावरून पाठीवर सोडायची आणि निंदायला लागायचं. घोंगडं त्याहून मानाचं. धनगरांनी मेंढीच्या काळ्या लोकरीचं विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं. पाणी आधी वरून ओघळून जाई, मग हळूहळू लोकरीत मुरे, तरी आत ऊब राही. थेंब पडला तरी ‘टप्’ नाही, नुसता जिरल्याचा भास.

त्याची किंमत कळायची ती जागलीत. रात्री माळ्यावर बसून रानडुकरं, रोही राखायचे म्हणजे डोळ्यांचं काम थोडं, कानांचंच जास्त. एका वर्षी शेजारच्या वावरातला पोरगा हौसेनं पन्नी पांघरून आला. पाऊस सुरू झाला तशी डोक्यावर तडतड सुरू झाली. आमचे आबा माळ्यावरूनच ओरडले, “अबे, काढ थे पन्नी! डुक्कर ज्वारीत घुसलं त् तुले आयकू येईन का?” जनावराला आपला आवाज जातो ही अर्धीच गोष्ट. वाजणारी टोपी डोक्यावर घेतली की आपणच बहिरे होतो, हे आबांना नेमकं ठाऊक होतं.

आता घोंगड्याचे गोडवे गाताना त्याचा वास विसरायला नको. भिजलं की धड उचलवत नसे, वाळायला दोन-दोन दिवस घेई, आणि मानेला असं टोचे की बस. पोत्याचं तर विचारूच नका.

मेळघाटात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी परवाना काढून शिकार चाले. वाघाची शिकार त्याच्या दोन वर्षं आधीच बंद झाली होती. त्या काळातले वाटाडे सांगत, साहेबाचा रबरी कोट मचाणावर जरा हललं तरी करकरे. बंदूकवाल्याचं त्यानं अडत नसेल, तो लांबून मारी. तिरंदाजाला मात्र अगदी जवळ जावं लागतं. सातपुड्यातल्या भिलांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची, म्हणजे पावसानं ढिली पडायची भीती नाही. आणि अंग बहुतेक उघडंच. याहून मुका कपडा कोणता असणार?

गावात पहिला खरा रेनकोट आला तो डकबॅकचा. १९२० साली कलकत्त्यात सुरू झालेल्या बेंगॉल वॉटरप्रूफ वर्क्सचा हा माल; अमरावतीहून कोणी आणला की त्या रबराचा वास आठवडाभर ओसरीत राही. जड होता, हललं की करकरे, पण पन्नीसारखा तडतडत नसे. खरा गोंगाट आणला तो युरियाच्या प्लॅस्टिकच्या पोत्यांनी. हलकी, फुकटची, पाणी न पिणारी. बारदान्याची खोळ त्यांनी बघता बघता हद्दपार केली. खोळ तशीच घडी घालून व्हायची, फक्त मुकी राहिली नाही.

आता मेळघाटात बिनआवाजी पावसाळी कपडा लागतो तो शिकाऱ्याला नाही, वनरक्षकाला. पर्यटन बंद असतं तेव्हाच गस्त महत्त्वाची; नाले भरले की गाडी निरुपयोगी, संरक्षण कुटीपासून पायीच निघायचं. हातात फोन, त्यावर एम-स्ट्राइप्स या गस्तीच्या ॲपमध्ये चाललेल्या वाटेची नोंद, फोनला पन्नी. नाल्यापलीकडे कुऱ्हाडीचा घाव पडतोय का, माकडं कोणाला पाहून खेकसली, हे ऐकायचं तर टोपी वाजून चालत नाही. पाऊस जरा कमी झाला की टोपी मागे जाते आणि डोक्याला दुपट्टा येतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

परदेशात धनुष्याच्या शिकारीसाठी मुद्दाम मुके रेनकोट शिवतात: आत पाणी अडवणारा सूक्ष्म छिद्रांचा पडदा, वर लव असलेलं मऊ कापड. म्हणजे कंपन्या फिरून लोकरीच्याच पोताकडे आल्या, फक्त वजन उतरवून. पण घामाची वाफ त्या छिद्रांतून बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते, आणि भाद्रपदातल्या दमट उकाड्यात चिखलदऱ्याखालच्या दऱ्यांमध्ये ती कुठून आणायची? माणूस घामानंच चिंब. तिथे मला काखेखाली चेन असलेला, गुडघ्यापर्यंतचा सैल, मऊ कापडाचा कोट बरा वाटतो, आणि त्याखाली पायघोळ काही नाही. पोटऱ्या भिजल्या तर भिजू द्याव्यात. त्या आवाज करत नाहीत.