टोचणं, बोचणं आणि सलणं

कानडीत सासूला 'अत्ते' म्हणतात. हेब्बाळला राहायला आल्यावर पहिले काही महिने सुनेनं हाक मारली, की मला वाटायचं, कुणाची तरी आत्या आली आहे! आम्ही मूळचे साताऱ्याचे. मुलगा बंगळुरात नोकरीला, सून इथलीच. नात झाली आणि 'आता तुम्ही इकडेच या' असा दोघांनी धोशा लावला. घराला कुलूप घालून आम्ही आलो, त्याला तीन वर्षं झाली.

सूनबाई हुशार. मराठी शिकण्यासाठी तिनं दोनशे पानी वही केली आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे कानडी अर्थ आणि खाली एक वाक्य. मी मात्र भाजीवाल्याशी 'एष्टु' आणि 'बेडा' एवढ्यावरच तीन वर्षं काढली, हेही कबूल केलं पाहिजे.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. इथं त्या दिवसांत अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, ढिगानं येतात. रविवारी सकाळी आम्ही दोघी ते सोलत बसलो होतो. वही शेजारी होतीच. तिनं विचारलं, "अत्ते, टोचणं आणि बोचणं, दोन्ही एकच ना?"

"एकच कसं? अगं, सुई टोचते, थंडी बोचते."

"थंडीला कुठे टोक असतं?"

प्रश्न बरोबर होता. मी विचारात पडले. आयुष्यभर हे शब्द वापरले, पण त्यांच्याकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. मग सोलता सोलता सांगत गेले. टोचणं क्षणाचं असतं. टोक लागलं, 'आई गं' झालं, संपलं. शिवाय टोचणारा कुणीतरी असू शकतो. सोनार कान टोचतो, डॉक्टर लस टोचतात, गाडीवान बैलाला पराणीची आर टोचतो. बोचणं तसं नाही. नव्या लुगड्याची जर बोचते, गोधडीतली गाठ बोचते. कुणी मुद्दाम करत नाही, पण अंग चुकवता येत नाही. खडा खुपतो, आणि दुसऱ्याचं बरं झालेलं डोळ्यांत खुपतं. काटा रुततो, म्हणजे आत जाऊन बसतो. चिखलात गाडीचं चाकही रुततंच. काठीनं डिवचतात, सुरा खुपसतात. भोसकणं मात्र वर्तमानपत्रापुरतंच असावं, घरात त्याचं काम नाही. आणि प्रेमाच्या माणसाला मारायची ती कोपरखळी. तिनं लगेच कोपर माझ्या बरगडीत हळूच मारून खात्री करून घेतली.

"तुमच्यात काय म्हणतात?" मी विचारलं.

"चुच्चु," ती म्हणाली. सुई चुच्चु, काटा चुच्चु, कान टोचणं तेही चुच्चु. इंजेक्शनला कानडीत 'चुच्चुमद्दु' म्हणतात. मद्दु म्हणजे औषध, म्हणजे टोचायचं औषध. आणि टोचून बोलणं ते 'चुच्चुमातु'. मला मोठी गंमत वाटली. आपणही लस टोचतो आणि टोचूनच बोलतो! दोन भाषा, पण सुई आणि जीभ दोन्हीकडे एकाच म्यानात.

हेब्बाळला तर या चुच्चुमद्दुचा जुना शेजार आहे. 1925 साली म्हैसूर संस्थानात जनावरांच्या बुळकांडीवरचं औषध करण्यासाठी सीरम इन्स्टिट्यूट निघाली, ती इथलीच. पुढे तिचं नाव बदललं, पण जनावरांच्या लसींचं काम चालू राहिलं. 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथंच. लाखो गुरं मारणारी ती बुळकांडी 2011 साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांची देवी त्याआधीच, 1980 मध्ये गेली होती. माझ्या दंडावर देवी टोचल्याच्या दोन खुणा अजून आहेत. सूनबाईनं त्यांवर बोट फिरवून विचारलं, "खूप दुखलं होतं?" मला आठवत नव्हतं. खूण राहिली, दुखणं गेलं.

"आणि सलणं?" तिनं वहीत बघत विचारलं.

"काटा मोडून आत राहिला ना, की वरून काही दिसत नाही, पण आतून ठणकत राहतं. ते सलणं. शल्यावरून आलाय शब्द."

ती थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "बाळाला नऊ महिन्यांची लस दिली, त्या दिवशी तुम्ही बाळाशी बोललात. त्याला यातला कुठला शब्द?"

माझे हात थांबले.

तो दिवस मला लख्ख आठवत होता. गोवराची लस होती. तिला ऑफिसात महत्त्वाची मीटिंग निघाली आणि नातीला मीच घेऊन गेले. संध्याकाळी ती धावत घरी आली, तेव्हा मी मांडीवरच्या पोरीला म्हटलं होतं, "रडू नको हो सोनुल्या, हल्ली लस टोचताना आई जवळ नसली तरी चालतं." लेकी बोले सुने लागे. तिला कुठलं एवढं मराठी कळायला, अशी माझी समजूत. म्हणजे तिला लागावं असंही वाटत होतं आणि कळू नये असंही! तिला तेव्हा दोनच शब्द कळले होते, 'आई' आणि 'नसली'. बाकीचे तिनं पुढे वहीत एकेक करून शोधले. दोन वर्षं.

"टोचूनच बोलले गं मी," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"टोचलं तेव्हा टोचलं," ती म्हणाली. "नंतर दुसरा शब्द." आणि उठून पावटे धुवायला घेऊन गेली. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझे कान टोचणारा सोनार निघाला कानडी!

त्या दिवशी फार बोलणं झालं नाही. रात्री मात्र ती वही घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, आमच्यात आणखी एक शब्द आहे, 'नाटु'. काटा पायात नाटतो, रोप मातीत नाटतात आणि चांगली गोष्ट मनाला नाटते. मराठीत तिन्हीला एक शब्द सांगा. मी 'रुजणं' म्हटलं, पण काटा काही रुजत नाही. अजून सापडलेला नाही.

नातीचे कान टोचायचे राहूनच गेले होते. मार्चमध्ये मुहूर्त लागला. डॉक्टरकडे की सोनाराकडे, यावर मी तोंड उघडलं नाही. तिनंच ओळखीचा म्हातारा सोनार ठरवला आणि त्या दिवशी रजा टाकली. दुकानात सवयीनं पोर मी मांडीवर घ्यायला लागले होते, पण थांबले. म्हटलं, "तू घे."

तिनं घेतली. सोनारानं तार लावली, पोरीनं टाहो फोडला आणि आईनं डोळे गच्च मिटून घेतले. मी तिच्या पाठीवर हात ठेवून, येत होतं तेवढ्या कानडीत दोघींनाही सांगत राहिले, "आय्तु, आय्तु."