कोणी काहीच बोलत नाही

मुलगा सहावीत गेला त्या वर्षी ऑक्टोबरपासून त्याचा डबा भरलेलाच परत यायला लागला. न्यू जर्सीत आमच्याकडे सहावीपासून मिडल स्कूल. इमारत नवी, मुलं नवी. पोळीभाजीची लाज वाटत असेल म्हणून पास्ता दिला, सँडविच दिलं. तेही परत.

"कोणी मारलं का?"

"नाही."

"कोणी काही बोललं?"

"नाही गं आई. कोणी काहीच बोलत नाही."

त्याने सगळं सांगून टाकलं होतं, पण ते माझ्या लक्षात यायला डिसेंबर उजाडला. एकदा गाडीत, मागच्या सीटवरून, खिडकीबाहेर बघत तो म्हणाला की तो टेबलाशी जाऊन बसला की तिथली पाच मुलं आपापले ट्रे उचलून दुसऱ्या टेबलाकडे जातात. रोज. कोणी हसत नाही, नावं ठेवत नाही. नुसती उठून जातात.

नवरा म्हणाला, "आम्हालाही शाळेत चिडवायचेच की." पण हे चिडवणं नव्हतं, खोडी नव्हती, दादागिरीही नव्हती. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं, तर ती पटकन म्हणाली, "म्हणजे पोराला वाळीत टाकलंय." अकरा वर्षांच्या मुलासाठी हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. गावकीचा, जातपंचायतीचा शब्द. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६चा स्वतंत्र कायदा आहे.

कायदा इथेही आहे. सप्टेंबर २०१०मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या टायलर क्लेमेंटी या विद्यार्थ्याने आत्महत्या केली. रूममेटने वेबकॅमवरून त्याचे खासगी क्षण चोरून पाहिले होते. त्यानंतर जानेवारी २०११मध्ये न्यू जर्सीने बुलिंगविरोधी कायदा फार कडक केला. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते आणि लेखी तक्रारीनंतर शाळेच्या दहा दिवसांत चौकशी पुरी करावी लागते. इथले पालक अशा तक्रारीला 'एचआयबी' (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग) म्हणतात. मीही एचआयबी दाखल केली.

चौकशी करणाऱ्या बाईंनी मन लावून काम केलं, हे मी आवर्जून सांगते. पण कायद्याच्या व्याख्येत बसायचं तर ते वागणं मुलाच्या एखाद्या वेगळेपणामुळे, म्हणजे रंग, धर्म, मूळ देश, अपंगत्व किंवा तसंच काही, घडलेलं वाटायला हवं. पाचही मुलांनी एकच सांगितलं, "आम्हाला खिडकीजवळ बसायचं होतं." माझा मुलगा काय सांगणार? ती उठतात हे त्याला माहीत होतं. का उठतात, हे त्याला कुठून माहीत असणार? पत्र आलं: निकष पूर्ण होत नाहीत.

मग मी वाचायला लागले. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी बुलिंगच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: दुखावण्याचा हेतू, पुन्हापुन्हा घडणं आणि ताकदीतली तफावत. त्या पाचांतला एकही माझ्या मुलापेक्षा थोराड नव्हता. पण पाच जण एकदम उठतात आणि एक जण बसून राहतो, यापेक्षा ताकदीतली तफावत वेगळी काय असते? जेवणाच्या हॉलमधल्या बायका मारामारी झाली तर धावतात. टेबलावरून उठून जाणाऱ्या मुलांत त्यांना गैर काही दिसत नाही, आणि तक्रारीच्या फॉर्मवर लिहायला तारीख, वेळ, शब्द लागतात. इथे शब्दच नव्हते. माझ्या मते ते बुलिंगच होतं. पत्र वाचून माझं मत बदललं नाही.

मुलगा सावरला तो शाळेच्या समुपदेशकामुळे. त्यांनी त्याला आणि आणखी दोघांना लायब्ररीत जेवायची मुभा दिली. मार्चमध्ये डबा रिकामा यायला लागला.

तुमचं मूल शाळेतून आलं की "कोणी मारलं का, कोणी बोललं का" एवढंच विचारून थांबू नका. आज जेवताना शेजारी कोण बसलं होतं, तेही विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर हातातलं काम बाजूला ठेवा.