मराठीचा मास्तर आणि बंद दार

'अलीगढ' हा हन्सल मेहता यांचा सिनेमा २६ फेब्रुवारी २०१६ रोजी लागला. गोष्ट खरी आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस, नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. कवी माणूस. 'पाया खालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये एका रात्री काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. सर एका रिक्षावाल्यासोबत होते, त्याचं चित्रण केलं. विद्यापीठानं त्यांना निलंबित केलं. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबन रोखलं आणि ७ एप्रिलला ते आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

त्या वेळी माझं पोस्टिंग बंगळूरला होतं. फिल्डमधून आलेल्या माणसाला बंगळूर म्हणजे सुखच. हवा थंड, कँटीन जवळ, रविवारी साधे कपडे घालून शहरात हिंडायची मोकळीक. मनोज बाजपेयी आहे म्हणून सिनेमाला गेलो. सोबत आमच्या युनिटचा सोलापूरकडचा एक हवालदार होता. विषय कळल्यावर तो खुर्चीत जरा चुळबुळला, पण उठला नाही.

सिनेमात एक लांबलचक प्रसंग आहे. खोलीत अंधुक उजेड, हातात पेला, लताबाईंचं 'आप की नज़रों ने समझा' लागलंय आणि हा म्हातारा एकटाच सुरात सूर मिसळतोय. काहीच घडत नाही. पण ज्यानं घरापासून हजार मैलांवर बराकीत रेडिओला कान लावून रात्री काढल्यात, त्याला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पुढे एका तरुण पत्रकाराशी बोलताना सर म्हणतात, की तीन इंग्रजी अक्षरांत माझ्या भावना कुणाला कशा कळतील? त्यांना चळवळ करायची नव्हती. गाणं, कविता, थोडी माया आणि लावलेलं दार, एवढंच हवं होतं.

त्या रिक्षावाल्याचा विचार मात्र कुणी फारसा केला नाही. हातावर पोट असलेल्या माणसाच्या प्रेमाला प्रेम म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही.

बाहेर पडल्यावर आम्ही उल्सूर तलावाच्या कडेनं चालत निघालो. बराच वेळ हवालदार गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, तिथं मराठी शिकवत होता, पण त्याच्याशी दोन शब्द मराठीत बोलायला कुणी नव्हतं." पुन्हा थोडं चालून म्हणाला, "आपला माणूस होता की हो."

मला कायद्याचा खेळ जास्त बोचतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजीच सज्ञान माणसांचे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते. म्हणजे सरांच्या दारात कॅमेरा आला त्या रात्री आत गुन्हा घडत नव्हता. गुन्हा दाराबाहेरून आत आला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, म्हणून सिनेमा लागला तेव्हा तीच गोष्ट पुन्हा गुन्हा होती. ६ सप्टेंबर २०१८ ला ते कायमचं संपलं.

पण वर्दीपर्यंत हे पोचलेलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये लष्करप्रमुख जनरल रावत यांनी सैन्यात हे चालू देणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. पुढे मेजर जे. सुरेश यांनी सैन्य सोडल्यावर आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं. त्यावरून प्रेरणा घेऊन दिग्दर्शक ओनिर यांनी काश्मीरमधला अधिकारी आणि एक स्थानिक तरुण यांच्या प्रेमाची पटकथा लिहिली. संरक्षण मंत्रालयानं परवानगी नाकारली.

माझे बरेच सहकारी म्हणतील, शिस्तीचं काय? प्रश्न रास्त आहे. बराकीत दार नसतं, तिथं सगळ्यांनी एकत्र राहायचं असतं. वरिष्ठानं पदाचा धाक दाखवून कुणावर हात टाकला, तर कोर्ट मार्शल व्हायलाच हवं, समोर बाई असो वा पुरुष. पण सुट्टीवर गेलेला जवान स्वतःच्या घरी कुणावर जीव लावतो, यानं शिस्त कशी मोडते, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी पटवून दिलेलं नाही. बर्फावर एका दोराला बांधून चालताना आपण गाठ पक्की आहे का, एवढंच बघतो.

आपल्या पलटणीतही असे जवान होते आणि आहेत. बडीला ज्यांचं सगळं ठाऊक असतं, एवढी एक गोष्ट सोडून. उद्या एखाद्यानं ती तुम्हाला सांगितलीच, तर हसू नका, चारचौघांत पसरवू नका. ऐकून घ्या. सिरस सरांच्या वाट्याला तेवढं फार थोड्यांकडून आलं.