पोलिसांचा वायरलेस ऐकायचाय? आधी हे वाचा

पावसाळा जवळ आला की वसई-विरारमध्ये ताडपत्री, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि अफवा या तिन्हींचा खप वाढतो. हल्ली त्यात चौथी वस्तू आलीय, हातात मावणारा रेडिओ स्कॅनर. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक फिरते, "यावर पोलीस, फायर ब्रिगेड, रेल्वे सगळं ऐकू येतं," आणि खाली कोणीतरी मला टॅग करतं, "भाऊ, तुम्ही पत्रकार, तुमच्याकडे असेलच. घेऊ का?"

एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. हवेत एकाच वेळी शेकडो संभाषणं चालू असतात, प्रत्येक आपापल्या फ्रिक्वेन्सीवर. घरचा रेडिओ एका स्टेशनवर लावला की तिथेच बसून राहतो. स्कॅनर मात्र रात्रपाळीच्या गुरख्यासारखा फिरतो. आपण भरून दिलेल्या यादीतल्या एकेका चॅनलवर क्षणभर कान लावायचा, शांतता असेल तर पुढे जायचं. कोणी बोलताना सापडलं की थांबायचं, बोलणं संपल्यावर दोनेक सेकंद उत्तराची वाट बघायची आणि पुन्हा चालू लागायचं. प्रोग्रॅमिंग म्हणजे ही यादी भरणं. फ्रिक्वेन्सी किती, एएम की एफएम, टोन कोणता, नाव काय द्यायचं. बटणांवरून भरताना बोटं दुखतात, म्हणून लोक केबल जोडून कॉम्प्युटरवरून भरतात. 'चर्प' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, एक्सेलसारखा तक्ता उघडतो. एक ओळ म्हणजे एक चॅनल.

आणखी एक बटण महत्त्वाचं, स्क्वेल्च. खरखर दाबायची पातळी. फार कमी ठेवली तर यंत्र प्रत्येक खरखरीवर अडकून बसतं. फार जास्त ठेवली तर लांबून येणारा बारीक आवाज निसटून जातो. वीस वर्षं बातमीदारी करतोय, या धंद्याचं अर्धं कसब याच बटणात आहे असं मला वाटतं.

हे सगळं मला माहीत आहे कारण माझ्याकडे हॅम रेडिओचं लायसन्स आहे आणि हातातला एक सेट आहे. त्यात स्कॅनही होतं. पण त्याच्या यादीत पोलीस नाहीत, फायर ब्रिगेड नाही, रेल्वे नाही. का नाही, ते सांगतो.

पहिलं कारण कायदा. आपल्याकडे लायसन्स किंवा सूट असल्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगता येत नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा, दोन्ही इंग्रजांचे. त्यांची जागा आता २०२३ चा दूरसंचार कायदा घेतोय. दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडून ऐकला तर या नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं, असा समज असेल तर तो काढून टाका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच गोंधळामुळे. सोसायटीच्या वॉचमनसाठी काही हवं असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट लायसन्सशिवाय वापरता येतात. इमारतींच्या दाटीत ते फार लांब पोचत नाहीत, पण गेट ते गच्ची एवढं काम होतं. घेताना पट्टा तेवढा तपासून घ्या.

आजच्या पोरांना हे जाचक वाटेल. आमच्या घरी आजोबांचं एक छोटं पुस्तक होतं, रेडिओचं लायसन्स. साधी आकाशवाणी ऐकायची तरी पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि शिक्का मारून आणायचा. ती पद्धत १९८० च्या दशकात गेली. त्याआधी, १९४२ मध्ये, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. तीनेक महिन्यांनी पोलिसांनी शोधून काढलाच. हवेतल्या आवाजाची सरकारला धास्ती वाटते, ही गोष्ट जुनी आहे. काही वेळा त्या धास्तीत तथ्यही असतं.

ते दुसरं कारण. पत्रकार मित्र सांगतात, अमेरिकेत न्यूजरूममध्ये टेबलावर पोलीस स्कॅनर असतो, आपल्याकडे का नको? बरोबर आहे, तिथे ही जुनी चाल आहे. न्यूयॉर्कचा वीजी नावाचा फोटोग्राफर १९३० च्या दशकाअखेर गाडीत पोलीस रेडिओ घेऊन फिरायचा आणि गुन्ह्याच्या जागी सगळ्यांच्या आधी पोचायचा. पण आता तिथेही शहरं आपले रेडिओ एनक्रिप्ट करतायत. शिकागोने २०२२ मध्ये मधला मार्ग काढला, पोलिसांचं बोलणं लोकांना ऐकायला मिळतं ते अर्ध्या तासाने. त्यावरून तिथे वाद चालू आहे. आपल्याला मात्र वाद घालायला शिकागोपर्यंत जायची गरज नाही. २६/११ ला टीव्हीवर कमांडो कुठे उतरले ते थेट दाखवलं गेलं, तिकडे पाकिस्तानात बसलेले लोक ते बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यासाठी झोडपलं. आगीच्या किंवा अपघाताच्या जागेवरून वायरलेसवर माणसांची नावं जातात, पत्ते जातात, कोण गेलं ते जातं. ते आईबापांना कळायच्या आधी व्हॉट्सअॅपवर यावं असं मला वाटत नाही.

तिसरं कारण मला सर्वात मोठं वाटतं. त्यासाठी जुलै २०१८ आठवा. सलग पाऊस, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, लांब पल्ल्याच्या गाड्या जागच्या जागी अडकलेल्या, एनडीआरएफच्या बोटी प्रवाशांना बाहेर काढतायत, मिठागरांत माणसं अडकलेली. वीज गेली ती गेलीच. मोबाइल आधी रेंजने मेले, मग बॅटरीने. एका कंट्रोल रूमचा नंबर मी मोबाइल चालू होता तोवर चाळीसेक वेळा लावला असेन, एकदाही कोणी उचलला नाही.

तशात आमच्या भागात बोंब उठली, धरण फुटलं. कोणी पाहिलं नाही, कोणी सांगितलं ते माहीत नाही, पण शेजारच्या दोन इमारतींतली माणसं पोरंबाळं, म्हातारे, गॅसच्या शेगड्या घेऊन गच्चीवर गेली. एका आजींना खुर्चीत बसवून चार मजले चढवलं. मी गुडघाभर पाण्यातून चौकात गेलो. तिथे एक हवालदार होता, तीन दिवसांचा ओला, खांद्याला वॉकीटॉकी. म्हटलं, "साहेब, धरणाचं खरं आहे का?" त्याला माहीत नव्हतं. त्याने सेट तोंडाशी धरला आणि कंट्रोलला विचारलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, असं काही झालेलं नाही. मी परत येऊन जिन्यात उभं राहून ओरडून सांगितलं. लोक खाली उतरले.

आता विचार करा. माझ्याकडे त्या दिवशी स्कॅनर असता तर मी काय ऐकलं असतं? गाडी कुठे आहे, बोट कुठे पाठवा, अमुक साहेब कुठे आहेत. तासभर ऐकलं असतं तरी धरणाबद्दल एक शब्द आला नसता, कारण फुटलंच नव्हतं. जे घडलं नाही त्याची घोषणा कोणी करत नाही. त्यासाठी कोणीतरी विचारावं लागतं आणि पलीकडे उत्तर द्यायला माणूस असावा लागतो. स्कॅनरला नुसते कान असतात, तोंड नसतं. आणि पुरात माणसाचं अडतं ते विचारता येत नाही म्हणून.

ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना केव्हाच कळलीय. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा इथल्या बोटींवर व्हीएचएफ सेट असतात. समुद्रावर सोळा नंबरचं चॅनल, १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटासाठी राखलेलं. सेट दोन चॅनलवर आलटून-पालटून कान ठेवतो, एक गप्पांचं आणि एक सोळा. म्हणजे स्कॅनरच, पण कायद्यातला. पाचूबंदरच्या एका तांडेलाने मला सांगितलं होतं, "दिवसभर आमचं चालूच असतं, भाव काय, म्हावरं कुठं लागलं. पण सोळावर कोणी ओरडला की सगळ्यांनी गप व्हायचं. जवळ असेल त्याने बोट वळवायची. कुठल्या गावचा ते नंतर विचारायचं." व्हीएचएफच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे खोल समुद्रात त्या पुरत नाहीत. म्हणून इस्रोच्या तंत्रावरचे ट्रान्सपाँडर आले. एक लाख बोटींवर ते बसवायच्या देशव्यापी योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरमध्येच झाली. वाढवण बंदराच्या गदारोळात त्या दिवशी ही बातमी मागे पडली. या यंत्रातून बोटीवरून संदेश पाठवताही येतो, किनाऱ्यावरून आलेला घेताही येतो.

जमिनीवरच्या आपल्यासाठी असं काही आहे का? आहे, हॅम रेडिओ. दूरसंचार खात्याची परीक्षा असते, वय बारा पूर्ण असलं की देता येते. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. खालच्या श्रेणीला मोर्स कोडही लागत नाही. मी चाळिशी ओलांडल्यावर दिली, माझ्या बाजूला नववीतली मुलगी बसली होती आणि ती माझ्याआधी पेपर देऊन गेली. पास झाल्यावर लायसन्स काढायचं, 'व्हीयू'ने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं, आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसारख्या राखीव पट्ट्यांत बोलता येतं. मोबाइल टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. धंदा करायचा नाही, राजकारण करायचं नाही, एवढी अट. नियम मोडणाऱ्यांना शोधायलाही यंत्रणा आहे. आपल्या लोकलच्या रस्त्यातच, बोरिवलीला गोराई रोडवर, खात्याचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आहे.

हा हौशी लोकांचा खेळ वाटेल. आहेच. मीही रात्री गच्चीवर १४५.८०० लावून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाण्याची वाट बघत बसतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी तिथून बेंगळुरूच्या मुलांशी बोलणं केलं ते हॅम रेडिओवरूनच. पण २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने अंदमानचे फोन तोडले, तेव्हा भारती प्रसाद यांची टोळी हौसेसाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेली होती. नातेवाइकांचे निरोप, मदतीची मागणी, सगळं त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीवर पोचलं. हौशी माणसं आधीपासून तिथे होती, सराव होता, म्हणून ते जमलं. पूर आल्यावर लायसन्स काढता येत नाही.

मुंबईत हॅम मंडळी आहेत, संघटना आहेत. वसई-विरारमध्ये मात्र आम्ही हातावर मोजण्याइतके. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत पसरलेलं शहर, मध्ये खाड्या, एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर. हातातल्या पाच वॉटच्या सेटला इमारती आडव्या येतात. पण चार-पाच उंच गच्च्यांवर माणसं बसली तर साखळी जुळते. आचोळ्यात पाणी किती, सनसिटी-गास रस्ता चालू आहे का, कुठल्या इमारतीत डायलिसिसचा पेशंट अडकलाय, हे निरोप या टोकाहून त्या टोकाला जाऊ शकतात.

म्हणून जे पैसे स्कॅनरवर घालणार होता, त्याबद्दल माझं म्हणणं असं. ज्यांना रेडिओची खरी ओढ आहे त्यांनी परीक्षा द्या, मी शिकवायला तयार आहे, फी नाही. आपल्या कॉलेजांपैकी एकाने तरी हॅम क्लब काढावा, प्राचार्यांशी ओळख असेल तर शब्द टाका. आणि सगळ्यांनी मिळून महापालिकेकडे आणि पोलीस आयुक्तालयाकडे एक मागणी करू या. अतिवृष्टीच्या दिवशी दर तासाला दवंडी. पाणी कुठे किती, रस्ते कोणते बंद, वीज कधी येईल, आणि कोणती अफवा खोटी आहे, वेळ घालून. मोबाइल चालू असतील तर मोबाइलवर, नसतील तर रिक्षावर भोंगा लावून. त्यांच्या वायरलेसवरचं सगळं आपल्याला ऐकायचं नाही. आपल्या कामाच्या चार ओळी तेवढ्या हव्यात. शिवाय प्रत्येक प्रभागात एक ठिकाण ठरलेलं असावं, जिथे वायरलेसवाला माणूस बसलेला असेल आणि कोणीही चालत जाऊन विचारू शकेल, "साहेब, खरं आहे का?"

या मागणीचं निवेदन मी लिहितोय. सही करणार असाल तर कमेंटमध्ये नाव आणि प्रभाग लिहा. परीक्षेला बसायचं असेल तर नुसतं 'परीक्षा' लिहा, पुस्तकाची पीडीएफ पाठवतो.