शून्यावरचा विश्वास

मी आयुष्यभर गणिताचा मास्तर. शून्याची धास्ती वर्गातल्या मुलांना. मला ती कधी वाटली नव्हती. वाटू लागली ती गेल्या दिवाळीपासून.

झालं असं, की वसुबारसेच्या संध्याकाळी आकाशकंदिलातला दिवा लागेना. बल्ब बदलला, बटण दहादा खालीवर केलं, व्यर्थ! मी गॅलरीत स्टुलावर उभा, भोवती नातवंडांचा घोळका आणि दारात, "अहो, वायरमनला बोलवा" म्हणणारी आमची मंडळी! अशा वेळी माघार कोणता पुरुष घेईल? शिवाय माझ्यापाशी शस्त्र होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ३०० रुपयांना घेतलेला पिवळाधमक डिजिटल मल्टिमीटर. त्याच्या दोन्ही काड्या होल्डरला लावल्या. आकडा आला शून्य. "वीजच नाही," असं जाहीर करून मी होल्डरमध्ये बोट घातलं.

पुढचं मला फरशीवरून आठवतं. उजवं मनगट मोडलं आणि त्या दिवाळीचा फराळ मला नातीनं भरवला.

वायरमनकाका आले. होल्डरची स्प्रिंग बसली होती, ती त्यांनी दोन मिनिटांत बदलली. मग माझा मीटर हातात घेऊन काड्या चालू प्लगमध्ये घातल्या आणि एक वायर मुळाशी जरा वाकवली. आकडा कधी २३०, तर कधी शून्य! वरचं आवरण धड होतं, आतली तांब्याची तार तुटलेली. काका म्हणाले, "मास्तर, हे शून्य विजेचं नव्हतं, मीटरचं होतं."

प्लॅस्टर निघाल्यावर नवा मीटर घ्यायला मी त्यांनाच बरोबर नेलं. दुकानदार पडद्यावरचे मोठाले आकडे दाखवत होता. काका उलट्या बाजूने सुरुवात करत होते. प्रथम काड्या जिथे खोचतात तिथली अक्षरं वाचली : 'कॅट तीन, ६०० व्होल्ट'. प्लगवर चालणाऱ्या उपकरणांना दुसरा वर्ग पुरतो. घरातलं वायरिंग आणि बोर्ड तपासायचा तर तिसरा हवा. आपल्या घरात व्होल्ट २३०च. पण मोठं यंत्र बंद-चालू झालं, जवळपास वीज पडली, तर क्षणभर हजारोंची उसळी येते. ती सोसण्याची ताकद त्या वर्गात असते. "पण अक्षरं काय, कुणीही छापील," असं म्हणून त्यांनी बाहेरच्या प्रयोगशाळेची मोहोर शोधली. काड्यांवरही तोच वर्ग आहे ना, हे पाहिलं.

मग फ्यूजची चौकशी. प्रवाह मोजण्याच्या भोकात काडी राहिली आणि चुकून व्होल्ट मोजायला गेलं, की मीटर म्हणजे नुसती तार, सरळ शॉर्ट! माझ्या जुन्या मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नव्हता, आणि तसं त्यावर इंग्रजीत छापलेलंही होतं. वाचतो कोण? काकांनी वाळू भरलेल्या चिनी मातीच्या फ्यूजचा मीटर निवडला. आतली ठिणगी ती वाळू विझवते.

किंमत ऐकून मी आवंढा गिळला. काका म्हणाले, "दोनशेतीस दिसले, की माणूस आपोआप हात आखडतो. शून्य दिसलं, की हात घालतो. पैसे मोजायचे ते शून्यासाठी."

आणि एवढा मीटर घेऊनही त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवू दिला नाहीच. यंदा गणपतीत मखराची माळ विझली. मी त्या भागाचा एमसीबी पाडला. आधी दुसऱ्या खोलीतल्या चालू प्लगमध्ये पाहिलं : २३१. मग माळेच्या प्लगमध्ये : शून्य. मग पुन्हा त्याच चालू प्लगमध्ये : २३१. गणिताचा ताळा घ्यावा तसा हा ताळा. मुलांना तो घ्यायला मी चौतीस वर्षं शिकवलं. स्वतः शिकायला मनगट मोडावं लागलं.

माळ लागली. दारातून आवाज आला, "तिसऱ्यांदा पाहिलंत ना?"

पाहिलं होतं.